स्मार्ट मीटरला वसुलीपलीकडचे काम द्या

प्रति,
वीज नियामक आयोगांचे अध्यक्ष व सदस्य,
तसेच पारेषण आणि वितरण कंपन्यांचे संचालक

विषय: स्मार्ट ग्रिडवरील खर्चाचा हिशेब प्रदूषणातील प्रत्यक्ष घटीशी जोडण्याबाबत

महोदय/महोदया,

स्मार्ट ग्रिडचा, म्हणजे मीटर आणि संवेदकांच्या नोंदींवर चालणाऱ्या वीजजाळ्याचा, प्रस्ताव मंजुरीसाठी येतो तेव्हा प्रस्तावनेत पर्यावरणाचा उल्लेख हमखास असतो. पुढे मात्र बहुतेक पाने थकबाकी, वसुली, बिलांची अचूकता आणि मीटर वाचनाच्या वाचलेल्या खर्चावर जातात. या गुंतवणुकीमुळे किती कोळसा जळायचा थांबेल, कोणत्या तासाला वीजनिर्मितीचा कोणता संच बंद ठेवता येईल, वाया जाणारी किती सौर आणि पवन वीज वापरात येईल, हे सहसा मांडलेले नसते. ते मांडायला लावण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

ऊर्जेच्या वापरातून जगभर जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला सुमारे 40 टक्के वीज आणि उष्णता निर्मितीतून येतो. आता युनिटाकडे पाहू. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीने 2014 साली दिलेल्या मध्यम अंदाजानुसार, प्रकल्पाच्या उभारणीपासून शेवटपर्यंतचा हिशेब धरला तर कोळशाच्या एका युनिटामागे सुमारे 820 ग्रॅम, नैसर्गिक वायूच्या युनिटामागे 490 ग्रॅम, मोठ्या सौर प्रकल्पाच्या युनिटामागे 48 ग्रॅम आणि जमिनीवरच्या पवनचक्कीच्या युनिटामागे अवघे 11 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. फरक सत्तर पटींच्याही वर आहे. मीटरच्या लेखी मात्र ही सगळी युनिटे सारखीच. सौर वीज भरपूर असलेल्या ग्रिडवर दुपारी एक वाजता चालवलेले कपडे धुण्याचे यंत्र आणि तेच यंत्र रात्री आठला, यांच्या उत्सर्जनात मोठे अंतर असते आणि बिलात ते कुठेही दिसत नाही.

स्मार्ट मीटर दर पंधरा किंवा तीस मिनिटांची नोंद ठेवतो. त्याच वेळी कोणते संच किती वीज देत आहेत, हे भारप्रेषण केंद्राला, म्हणजे मागणीनुसार संचांना वीज कमी-जास्त करायला सांगणाऱ्या केंद्राला, ठाऊक असते. वेळ आणि स्रोत या दोन्ही नोंदी आज अस्तित्वात आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्या एकमेकींना भेटत नाहीत. माझी मुख्य मागणी या भेटीची आहे. ती झाली नाही तर ज्याला आपण स्मार्ट म्हणतो तो मीटर म्हणजे बिल पाठवण्याचे महागडे यंत्र होऊन राहील.

सर्वांत मोठी गफलत याच ठिकाणी होते. कमाल मागणी कमी करणे म्हणजे पर्यावरण राखणे, असे गृहीत धरले जाते. ते नेहमी खरे नसते. समजा, संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी वायूवरचे संच चालतात आणि मध्यरात्री कोळशाचे. संध्याकाळचा भार रात्रीकडे ढकलला तर खर्च कमी होईल, तारांवरचा ताणही कमी होईल, आणि धूर वाढेल. म्हणून सरासरी उत्सर्जनाचा आकडा पुरत नाही. त्या क्षणी एक जादा युनिट मागितले तर कोणता संच वर जाईल, आणि एक युनिट वाचवले तर कोणता खाली येईल, हे कळायला हवे. दर ठरवताना हा प्रश्न विचारला गेला नाही तर उत्तम हेतूने केलेली भाराची हलवाहलव उलट परिणाम करू शकते.

रात्रीचा स्वस्त दर हे याचे चांगले उदाहरण. अणुभट्ट्या आणि कोळशाचे संच रात्री सहज बंद करता येत नाहीत, त्या वेळी मागणी हवी, म्हणून अनेक देशांनी रात्रीच्या विजेला सवलत दिली. त्या काळात ते शहाणपणाचे होते. आता अनेक ग्रिडवर सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत जास्त वीज भर दुपारी असते. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड चालकाने 2013 मध्येच दाखवून दिले होते, की सौर वीज वाढत जाईल तशी दुपारी इतर संचांकडची मागणी खोल खाली जाईल आणि सूर्य मावळताना ती एकदम वर चढेल. 2024 साली त्याच ग्रिडवर सुमारे 34 लाख मेगावॅट-तास, म्हणजे 340 कोटी युनिट सौर आणि पवन वीज घ्यायला जागा नाही म्हणून कपात करावी लागली. त्यातली बहुतांश सौर होती. तयार होऊ शकत असलेली स्वच्छ वीज सोडून द्यायची आणि काही तासांनी वायू जाळायचा! फ्रान्सने मात्र नोव्हेंबर 2025 पासून सवलतीचे काही तास रात्रीतून काढून टप्प्याटप्प्याने दुपारकडे न्यायला सुरुवात केली. घरोघरी नव्या पिढीचे मीटर असल्यामुळे हे तास बदलता आले. मीटरचा असा उपयोग मला अभिप्रेत आहे. आपल्या अखत्यारीतल्या वेळेनुसार आकारल्या जाणाऱ्या दरांचे तास शेवटचे कधी तपासले गेले, आणि तपासताना निर्मितीचा तासागणिक तपशील समोर ठेवला होता का, हे आपण स्वतःला विचारावे.

ही माहिती लोकांपुढे आणणे अवघड नाही. ब्रिटनच्या ग्रिड चालकाने 2017 पासून विजेमागच्या कार्बनचा अंदाज सर्वांसाठी खुला केला आहे. पुढच्या काही दिवसांत कोणत्या अर्ध्या तासाला वीज स्वच्छ असेल हे तिथे प्रदेशवार पाहता येते, आणि चार्जर, उष्णता पंप, बॅटऱ्या बनवणाऱ्यांना तो आकडा थेट आपल्या यंत्रांत घेता येतो. गूगलने 2020 मध्ये जाहीर केले, की ज्या कामांना घाई नाही ती आपली संगणकीय कामे अशाच अंदाजानुसार स्वच्छ तासांकडे सरकवली जातात. जगातल्या डेटा केंद्रांनी 2024 मध्ये सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली, हे लक्षात घेतले तर या मोठ्या ग्राहकांना वेळेचे बंधन घालणे किती फायद्याचे ठरेल ते उघड आहे. घरगुती ग्राहकाला वळण लावण्याआधी त्यांच्याकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोक साथ देत नाहीत, असे कंपन्या अनेकदा म्हणतात. 6 सप्टेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियात उष्णतेच्या लाटेत मागणी 52,061 मेगावॅटवर पोहोचली आणि भारनियमन अगदी दारात आले. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास सुमारे 2.7 कोटी मोबाइलवर संदेश गेला: गरज नसलेली वीज बंद करा. काही मिनिटांत हजार मेगावॅटहून जास्त भार उतरला आणि भारनियमन टळले. लोकांना कारण सांगितले, विश्वास ठेवला, की ते प्रतिसाद देतात, हे यातून दिसते. पण आणीबाणीचा संदेश रोज पाठवता येत नाही. रोजचे काम यंत्रांनीच करायला हवे आणि माणसाला त्याची जाणीवही होऊ नये. पाणी तापवण्याच्या टाकीला वीज दुपारी मिळाली काय आणि संध्याकाळी मिळाली काय, पाणी गरम असले म्हणजे झाले. न्यूझीलंडमध्ये 1950च्या दशकापासून वीजवाहिन्यांतूनच संकेत पाठवून अशा टाक्या चालू-बंद केल्या जातात. विजेवरची गाडी रात्रभर उभी असते आणि तिला भरायला त्यातले काहीच तास पुरतात. शीतगृहे आणि पाण्याचे पंपही असेच सवड असलेले ग्राहक आहेत. ही लवचिकता आज फुकट पडून आहे. ग्राहकाने दिवसभर मोबाइलवर आलेख बघत बसावे, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या योजना मात्र थोड्या दिवसांत बंद पडतात. सकाळपर्यंत गाडी भरलेली हवी, एवढेच त्याने सांगावे. बाकीचे चार्जरने पाहावे.

आता ज्या विषयावर सर्वांत कमी बोलले जाते त्याकडे वळतो: व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब. फीडर, म्हणजे ग्राहकांपर्यंत वीज नेणारी वाहिनी, उपकेंद्रातून निघतो तिथे दाब जास्त ठेवला जातो, कारण टोकाच्या ग्राहकापर्यंत तो उतरत जातो. टोकाला नेमका किती दाब मिळतो हे पूर्वी कळत नसे, त्यामुळे धोका नको म्हणून सुरुवातीलाच भरपूर दिला जाई. परिणामी उपकेंद्राजवळच्या ग्राहकांच्या अनेक उपकरणांना गरजेपेक्षा जास्त दाब मिळतो आणि ती जास्त वीज खातात. स्मार्ट मीटर टोकाचा दाब कळवू शकतो. तो कळला की उपकेंद्रातला दाब नियमांच्या मर्यादेत राहून अलगद खाली आणता येतो आणि दाब सावरणारे कपॅसिटर योग्य वेळी जोडता येतात. अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2010 मध्ये केलेल्या अभ्यासात असा अंदाज निघाला, की देशातल्या सर्व वितरण फीडरवर ही पद्धत लागू केली तर वर्षाचा वीजवापर 3.04 टक्क्यांनी घटेल, आणि सर्वांत योग्य असे 40 टक्के फीडर निवडले तरी यातला सुमारे 80 टक्के फायदा हाती येईल. कोणाला दिवा बंद करायला सांगायचे नाही, नवा प्रकल्प नाही, जमीन संपादन नाही. हल्लीची काही उपकरणे दाब कमी झाला तरी तेवढीच शक्ती ओढतात, त्यामुळे प्रत्येक फीडरवर फायदा सारखा येणार नाही, हे मान्य. पण मीटर बसवून झालेल्या फीडरवर दाबाची नोंद वापरलीच जात नसेल, तर खर्च झाला आणि फायदा उचललाच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

याला जोडूनच गळती. पारेषण आणि वितरणात जगभर सरासरी सुमारे 8 टक्के वीज हरवते. चोरीवर आपण बरेच बोलतो, उष्णतेवर कमी. तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की हानी चौपट. म्हणून कमाल मागणीच्या तासाला वाचवलेले युनिट तारेतली हानीही सर्वांत जास्त वाचवते. कोणते रोहित्र रोज संध्याकाळी अतिभारित होते आणि कोणते निम्मेही भरत नाही, फीडरच्या तिन्ही फेजवर भार समान आहे का, हे मीटरच्या नोंदी एकत्र केल्या की दिसते. महिन्याला एकदा घेतलेल्या वाचनातून ते कधीच दिसत नव्हते.

पारेषण कंपन्यांसाठीही एक मुद्दा आहे. वाहिनीची क्षमता बऱ्याचदा कडक ऊन आणि पडलेला वारा गृहीत धरून ठरवलेली असते. वर्षातल्या बहुतेक तासांत हवामान त्याहून सौम्य असते. वारा सुटला की तार थंड होते आणि जास्त प्रवाह वाहू शकते. पवनचक्क्याही त्याच वेळी जोरात फिरत असतात! म्हणजे जेव्हा पवन वीज वाहून नेण्याची गरज असते तेव्हा आसपासची वाहिनी जास्त वाहून नेऊ शकते, पण कागदावर तिची मर्यादा उन्हाळ्यातलीच राहते. तारेचे तापमान, झोल आणि वारा मोजणारे संवेदक बसवून ही मर्यादा दर तासाला ठरवता येते. बेल्जियमची पारेषण कंपनी हे करते. अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने डिसेंबर 2021 मधील आदेश क्रमांक 881 ने निदान हवेच्या तापमानानुसार मर्यादा बदलणे सक्तीचे केले. चीनमध्ये 2016 साली सुमारे 17 टक्के पवन वीज कपातीत गेली होती आणि 2019 पर्यंत हे प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास आले. त्यामागे नव्या वाहिन्या आणि कोळसा संचांच्या चालवण्यातले बदल अशी अनेक कारणे आहेत. पण कपात हे नशीब नाही, ती व्यवस्थापनाने कमी होते, एवढे त्यातून नक्की दिसते.

छतावरच्या सौर संचांना ग्रिडचे भान देणेही यातच येते. जर्मनीत सौर वीज ग्रिडला जोडणाऱ्या जुन्या इन्व्हर्टरना, ग्रिडची वारंवारिता (एरवी 50 हर्ट्झ) 50.2 हर्ट्झच्या वर गेली की एकाच क्षणी ग्रिडपासून सुटण्याची सूचना दिलेली होती. संच थोडे होते तोवर काही बिघडले नाही. ते लाखोंनी झाल्यावर, सगळे एकदम सुटले तर ग्रिडच कोसळेल, हे लक्षात आले आणि 2012 पासून सुमारे 3 लाख संचांमध्ये दुरुस्ती करावी लागली. नियम आधी करणे नंतरच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

ग्रिड चालवणाऱ्याला जेवढे कमी दिसते तेवढे जास्त संच त्याला सावधगिरी म्हणून अर्ध्या भारावर चालू ठेवावे लागतात, आणि अर्ध्या भारावरचा कोळशाचा संच दर युनिटामागे जास्त कोळसा खातो. 1988 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये अरुण फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेजर मापन यंत्राचा पहिला नमुना तयार केला. हे यंत्र उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून ग्रिडची नाडी, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह, सेकंदाला तीस ते साठ वेळा मोजते, तर दुरून देखरेख करण्याच्या जुन्या स्काडा पद्धतीत नोंद काही सेकंदांनी एकदा येते. अशा मापनाला वाऱ्याच्या आणि ढगांच्या अचूक अंदाजाची जोड दिली, की राखीव संच कमी ठेवूनही ग्रिड स्थिर राहते. धूर असाही कमी होतो, आणि तो कमी झाल्याचे श्रेय कोणत्याही प्रकल्पाच्या नावावर जात नाही, म्हणून कदाचित त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

अनेक उपकेंद्रांतल्या स्विचगिअरमध्ये, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यंत्रणेत, सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 23 हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो. त्याच्या घनतेवर सतत लक्ष ठेवणारे संवेदक गळती लवकर पकडतात, तेव्हा ते सर्वत्र बसवले जावेत. तसेच बिघाड झालेला तुकडा आपोआप वेगळा करून बाकीचा फीडर लगेच सुरू करणारी यंत्रणा असेल, तर डिझेल जनरेटर कमी वेळ चालतात.

आता दुसरी बाजू. हे सगळे तंत्रज्ञान स्वतःही पर्यावरणावर भार टाकते. 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला केवळ 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. चाक फिरणारा जुना मीटर कित्येक दशके टिकत असे. नव्या मीटरचे मोजण्याचे काम ठीक असते, पण त्यातला मोबाइल नेटवर्कचा भाग जुना झाला की सगळा मीटरच फेकायची वेळ येऊ शकते. निविदेतच अट घाला, की संपर्काचा भाग वेगळा काढून बदलता आला पाहिजे, मीटर दुरुस्त होण्याजोगा असला पाहिजे, आणि काढलेले मीटर पुरवठादाराने परत घेऊन त्यांचे काय केले ते कळवले पाहिजे.

आणि विश्वास. पंधरा मिनिटांच्या नोंदीवरून घरात माणसे कधी असतात, कधी झोपतात, हे कळते. नेदरलँड्सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने 2009 मध्ये याच काळजीपोटी मीटरची सक्ती नाकारली होती. 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमध्ये सायबर हल्ल्याने सुमारे 2 लाख 25 हजार ग्राहकांची वीज गेली, आणि कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने स्विच चालवले म्हणून ती काही तासांत परत आली. तो हात कायम ठेवा. बिल आणि ग्रिडच्या कामापलीकडे ग्राहकाची नोंद त्याच्या संमतीशिवाय कोणालाही मिळू नये. ज्याच्याकडे हलवण्याजोगा वापरच नाही, दोन दिवे आणि एक पंखा एवढाच ज्याचा संसार आहे, त्याच्यावर वेळेच्या दराचा बोजा पडू नये. मीटर दुरून वीज तोडण्यासाठीच आलेला आहे, अशी लोकांची भावना झाली तर वर लिहिलेल्यातले काहीही होणार नाही.

मूळ दुखणे कंपनीच्या उत्पन्नाच्या रचनेत आहे. जितकी युनिटे विकली तितका महसूल, आणि जितकी मालमत्ता उभी केली तितका परतावा, असे असेल तर वीज वाचवणारे सॉफ्टवेअर ती मनापासून का वापरेल? नवे रोहित्र तिला जास्त फायद्याचे. कॅलिफोर्नियाने 1982 मध्येच वीज कंपन्यांचा महसूल विकलेल्या युनिटांपासून वेगळा केला. ब्रिटनने 2013 पासून बांधकामावरचा आणि चालवण्याचा खर्च एकत्र धरायला सुरुवात केली, म्हणजे तार टाकणे आणि तार न टाकता भार हलवणे हे दोन्ही पर्याय कंपनीला सारखेच वाटावेत. असे बदल फक्त नियामकच करू शकतो. वर उल्लेख केलेल्या अमेरिकी प्रयोगशाळेने 2010 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात म्हटले होते, की स्मार्ट ग्रिडमुळे 2030 पर्यंत तिथल्या विजेतील उत्सर्जनात थेट 12 टक्के घट होऊ शकते. पण ती सर्व यंत्रणा सर्वत्र वापरात आल्या तर, या अटीवर होती. नुसती उपकरणे बसवून ती मिळत नाही.

म्हणून विनंती अशी, की यापुढे स्मार्ट ग्रिडवरचा कोणताही भांडवली खर्च मंजूर करताना त्यातून वाचणाऱ्या उत्सर्जनाची तासागणिक आकडेमोड कंपनीकडून मागवावी आणि परताव्याचा काही भाग ती घट प्रत्यक्षात मोजून मिळाल्यावरच द्यावा. दर अर्ध्या तासाचे निर्मितीचे, कपातीचे आणि कार्बनचे आकडे सर्वांसाठी खुले करावेत. वेळेच्या दरांचे तास ठरावीक काळाने या आकड्यांवरून फेरतपासावेत. ज्या फीडरवर मीटर बसून झाले आहेत तिथे व्होल्टेज नियंत्रण किती महिन्यांत सुरू होणार, याची तारीख कंपन्यांकडून लेखी घ्यावी. पुढच्या दरनिश्चितीआधी या मागण्यांवर जाहीर सुनावणी ठेवावी, आणि कंपन्यांची आकडेमोड सुनावणीच्या पुरेशी आधी लोकांच्या भाषेत प्रसिद्ध करावी, म्हणजे आम्हाला ती तपासून प्रश्न विचारता येतील.

आपला,
एक वीजग्राहक